मुक्त व्यापार वाटाघाटींतील पारदर्शकता आणि नागरिकांचे मत : वसई परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

भारताने गेल्या तीन दशकांत अनेक देशांशी व देशसमूहांशी व्यापार करार केले. या करारांच्या लाभहानीविषयी मराठीत बरीच चर्चा झाली असली, तरी ते ज्या पद्धतीने होतात त्या पद्धतीची चिकित्सा फारशी झालेली नाही. प्रस्तुत लेखात वाटाघाटींतील गुप्ततेचे समर्थन तपासले असून, विकास आराखडा, गावांची हद्द व बंदर यांसंबंधीच्या निर्णयप्रक्रियेचा वसई-पालघर परिसराला आलेला अनुभव तुलनेसाठी घेतला आहे. लहान निर्णयांसाठी राज्यसंस्थेने स्वतःच मान्य केलेली सूचना, हरकत, सुनावणी व सकारण उत्तर ही पद्धत मोठ्या निर्णयांना नाकारण्यास सबळ कारण नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. प्रास्ताविक

खाजगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरण म्हणजेच ‘खाउजा’ धोरण हा आपल्या महाविद्यालयीन चर्चासत्रांचा परिचित विषय आहे. या चर्चेत सामान्यतः दोन पक्ष दिसतात. एक पक्ष खुल्या व्यापारामुळे उत्पादकाला मोठी बाजारपेठ मिळते असे मानतो, तर दुसरा स्वस्त आयातीमुळे स्थानिक उत्पादक उद्ध्वस्त होतो असे मानतो. दोन्ही बाजूंना पुरावे आहेत. २०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून भारतीय हापूसवर बंदी घातली, तेव्हा कोकणच्या बागायतदाराला परदेशी बाजारपेठेचे महत्त्व आणि तिच्या नियमांची धार या दोहोंची एकदमच जाणीव झाली. ही बंदी २०१५ च्या आरंभी उठली. पालघर जिल्ह्यातील डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ मध्ये तो ब्रिटनला रवाना झाला, ही घटना व्यापाराची उजळ बाजू दाखविते. उलटपक्षी, खाद्यतेलाच्या आयातशुल्कात घट झाली की मराठवाडा-विदर्भातील सोयाबीनचा भाव खाली येतो, हेही शेतकऱ्याच्या नित्य अनुभवाचे आहे.

प्रस्तुत लेखात व्यापार खुला असावा की बंदिस्त, या प्रश्नाचा निवाडा करावयाचा नाही. येथील प्रश्न त्याच्या आधीचा आहे. ज्यांच्या उपजीविकेवर करार परिणाम करणार आहे त्यांना करार होण्यापूर्वी तो कळतो काय? त्यांचे म्हणणे कोणी नोंदवून घेते काय? नोंदवून घेतले, तर त्याचे पुढे काय झाले हे त्यांना कोणी सांगते काय? या तीन प्रश्नांच्या उत्तरावर कराराची लोकशाही प्रतिष्ठा अवलंबून आहे.

हे प्रश्न निर्मळसारख्या गावातून विचारण्याला कारण आहे. निर्मळ आणि त्याच्या भोवतीची गास, भुईगाव, वाघोली, आगाशी, अर्नाळा ही गावे वसईच्या हरित पट्ट्यात येतात. केळी, नारळ, पानवेल, फुले व भाजीपाला पिकविणाऱ्या वाड्या, अर्नाळा व पाचूबंदरची मच्छीमारी आणि मुंबईला दूध पुरविणारे तबेले यांवर या परिसराचे अर्थजीवन दीर्घकाळ उभे राहिले. नागरीकरणाने ते आक्रसले असले तरी संपलेले नाही. फळे, मासळी आणि दूध हे तिन्ही पदार्थ आजच्या व्यापार वाटाघाटींत नेहमी वादाचे असतात.

२. वसई आणि करारांची परंपरा

वसईच्या इतिहासात दोन करार विशेष प्रसिद्ध आहेत. पहिला २३ डिसेंबर १५३४ चा. गुजरातच्या बहादूरशहाने या कराराने वसई व लगतचा प्रदेश पोर्तुगीजांना दिला. त्यातील एक अट निव्वळ व्यापारी स्वरूपाची होती. गुजरातच्या बंदरांतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी आधी वसईस येऊन पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा आणि परतताना तेथेच जकात भरावी, असे ठरले. दुसरा करार ३१ डिसेंबर १८०२ चा, दुसऱ्या बाजीरावाने ईस्ट इंडिया कंपनीशी केलेला. तैनाती फौजेच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून देण्याची तरतूद त्यात होती. शिंदे आणि भोसले या मराठा मंडळातील प्रमुख सरदारांना विश्वासात न घेता हा करार झाला आणि १८०३ मध्ये त्यातूनच दुसरे इंग्रज-मराठा युद्ध उद्भवले.

राजेशाहीच्या काळात प्रजेला कोणी विचारावे अशी अपेक्षा करणे कालविपर्यासाचे ठरेल. तथापि याच परिसरात दुसऱ्या एका परंपरेचाही पुरावा आहे. निर्मळपासून जवळच असलेल्या सोपारा या प्राचीन बंदरात १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला आणि पुढे १९५६ मध्ये भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. आठव्या लेखाचा आशय असा की, पूर्वीचे राजे शिकारीसारख्या विहारयात्रा करीत, त्याऐवजी अशोकाने धर्मयात्रा आरंभिल्या व त्यांत जनपदातील लोकांना भेटणे, त्यांना उपदेश करणे आणि त्यांच्याशी प्रश्नोत्तरे करणे यांचा समावेश केला. राज्याचे धोरण लोकांच्या बोलीला जवळच्या भाषेत दगडावर कोरून व्यापारी बंदरात उभे करणे आणि ग्रामीण जनतेशी संवाद हा राजधर्माचा भाग मानणे, या दोन गोष्टी त्या लेखाने सुचविल्या आहेत. त्यावरून अशोकाच्या राज्याला लोकशाही म्हणता येणार नाही. मात्र धोरण प्रसिद्ध करणे ही केवळ पाश्चात्त्य कल्पना आहे, हा आक्षेप त्यामुळे टिकत नाही.

३. विद्यमान घटनात्मक पद्धत

भारतीय राज्यघटनेनुसार परराष्ट्रांशी तह व करार करणे हा संघसूचीतील १४ व्या नोंदीचा विषय असून, परदेशांशी व्यापार ४१ व्या नोंदीत येतो. अनुच्छेद ७३ प्रमाणे संघाचा कार्यकारी अधिकार या विषयांपर्यंत पोहोचतो आणि अनुच्छेद २५३ प्रमाणे करारांच्या अंमलबजावणीसाठी संसद कोणत्याही विषयावर, म्हणजे राज्यसूचीतील विषयावरही, कायदा करू शकते. शेती ही राज्यसूचीतील १४ वी आणि मत्स्यव्यवसाय ही २१ वी नोंद आहे. परिणामी शेती व मासेमारीची जबाबदारी राज्यांवर, परंतु त्यांच्या किमती ठरविणाऱ्या कराराचा अधिकार केंद्रावर, अशी विभागणी झाली आहे.

याहून महत्त्वाची बाब प्रत्यक्ष अंमलबजावणीची आहे. करारान्वये मान्य केलेली शुल्कसवलत सामान्यतः सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम २५ खाली अधिसूचना काढून लागू केली जाते. त्यासाठी संसदेत नव्या विधेयकावर मतदान व्हावे लागत नाही. करारास संसदेची पूर्वमान्यता घेण्याचे बंधन घटनेत नाही. न्या. एम. एन. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील संविधान कार्यप्रणाली पुनर्विलोकन आयोगाने २००२ च्या अहवालात करार करण्याच्या अधिकाराचे नियमन करणारा कायदा संसदेने करावा अशी शिफारस केली होती. ती शिफारस अमलात आलेली नाही.

संसदेचा प्रवेश करारानंतर झाला तर काय होते, याचे उदाहरण पेटंट कायद्याचे आहे. मराकेश येथे १५ एप्रिल १९९४ रोजी भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या करारांवर स्वाक्षरी केली. त्यास अनुसरून १९९४ च्या अखेरीस काढलेला पेटंटविषयक वटहुकूम संसदेच्या मान्यतेअभावी व्यपगत झाला. अमेरिकेने तक्रार केली आणि डिसेंबर १९९७ मध्ये संघटनेच्या अपील मंडळाने भारताविरुद्ध निर्णय दिला. त्यानंतर १९९९, २००२ व २००५ असा तीन टप्प्यांत कायदा बदलावा लागला. संसदेने २००५ च्या दुरुस्तीत कलम ३(घ) सारखी जनहिताची तरतूद केली हे तिचे श्रेयच आहे. परंतु ही कसरत आधीच आखलेल्या रिंगणात करावी लागली, हे नाकारता येत नाही.

४. डंकेल मसुदा ते आरसेप

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात व्यापार करारावर खऱ्या अर्थाने खुली चर्चा झाली ती डंकेल मसुद्याच्या वेळी. गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी २० डिसेंबर १९९१ रोजी हा मसुदा प्रसृत केला. तो छापील स्वरूपात उपलब्ध होता. त्यामुळे त्यावर लेख, पुस्तिका, सभा व मेळावे यांचे मोहोळ उठले. डाव्या पक्षांनी आणि स्वदेशीच्या पुरस्कर्त्यांनी त्यास विरोध केला. कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामी यांच्या रयत संघाने बियाण्यांच्या प्रश्नावर आंदोलन उभारले. महाराष्ट्रात मात्र शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी मसुद्याचे जाहीर समर्थन केले, कारण सरकार शेतकऱ्याला उणे सबसिडी देते ही त्यांची मांडणी होती आणि खुल्या बाजारात शेतकऱ्याचा लाभ आहे असे त्यांचे मत होते. संसदेच्या वाणिज्यविषयक समितीनेही इंद्रकुमार गुजराल यांच्या अध्यक्षतेखाली मसुद्याचा अभ्यास केला.

या घटनेतून निघणारा निष्कर्ष आपल्या विषयासाठी कळीचा आहे. मसुदा प्रसिद्ध झाला की केवळ विरोधच संघटित होतो, हे गृहीतक डंकेलप्रकरणी खोटे ठरले. समर्थन व विरोध दोन्ही ग्रामीण महाराष्ट्रातून, मसुद्यातील कलमांचा हवाला देत पुढे आले. अर्थात या चर्चेची मर्यादाही स्पष्ट होती. मसुदा समग्र स्वीकारा किंवा समग्र नाकारा, असे त्याचे स्वरूप होते आणि नागरिकांचे म्हणणे वाटाघाटींच्या मेजापर्यंत नेणारा विहित मार्ग नव्हता. वाचायला मसुदा होता, परंतु बोलायला जागा नव्हती.

प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी अर्थात आरसेप कराराच्या वेळी वाचायलाही मसुदा राहिला नाही. २०१२ मध्ये घोषित झालेल्या या वाटाघाटींत आसियानचे दहा देश, चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि भारत सहभागी होते. जुलै २०१७ मधील फेरी हैदराबाद येथे झाली, तरीही यजमान देशाच्या नागरिकांना मसुदा पाहावयास मिळाला नाही. फुटून बाहेर आलेल्या काही प्रकरणांवरच अभ्यासकांना भिस्त ठेवावी लागली. न्यूझीलंडच्या दूधभुकटीची शुल्कमुक्त आयात होईल या भीतीने दूध उत्पादकांत असंतोष पसरला. अखेर ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉक येथे भारताने करारात सामील न होण्याचे जाहीर केले. त्यावेळी पंतप्रधानांनी गांधीजींच्या तावीजाचा उल्लेख केला.

हा उल्लेख गांभीर्याने घेण्याजोगा आहे. आपण पाहिलेल्या सर्वांत दुर्बल माणसाचा चेहरा आठवावा आणि आपल्या कृतीने त्याचे भले होईल काय असे स्वतःला विचारावे, हा त्या तावीजाचा आशय. सात वर्षांच्या वाटाघाटींत त्या माणसाला प्रत्यक्ष विचारण्याची व्यवस्था मात्र शासनाने निर्माण केली नव्हती. निर्णयावर जनमताचा प्रभाव पडला तो रस्त्यावरील आंदोलनाच्या मार्गाने. ज्यांची संघटना बलवान, त्यांचे म्हणणे अशा मार्गाने पोहोचते. दूध संघांचे पोहोचले, कारण त्यांच्यामागे सहकाराची ताकद होती. वाडीत पानवेल लावणाऱ्याचे किंवा लहान होडीवर जाणाऱ्या मच्छीमाराचे तसे पोहोचत नाही.

आसियानशी झालेल्या वस्तुव्यापार कराराचा अनुभवही असाच आहे. १३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाक्षरी झालेल्या या कराराने कच्च्या पामतेलावरील शुल्काची कमाल मर्यादा ८० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ३७.५ टक्क्यांवर आणण्याचे वचन भारताने दिले. केरळमध्ये त्याविरुद्ध राज्यव्यापी आंदोलन झाले. तेलबियांचा मोठा उत्पादक असलेल्या महाराष्ट्रात तशी चर्चा झाली नाही. करार सोयाबीन उत्पादकाच्या हिताचा होता की अहिताचा, यावर मतभेद होऊ शकतील. त्याला विचारले गेले नाही, यावर मतभेद होण्याचे कारण नाही.

५. गुप्ततेच्या समर्थनाची तपासणी

वाटाघाटींतील गुप्ततेचे समर्थन साधारणतः तीन मुद्द्यांवर केले जाते.

पहिला मुद्दा सौदाशक्तीचा. आपली अंतिम तडजोडीची मर्यादा समोरच्या पक्षास कळली तर आपण दुर्बल होतो, असे म्हटले जाते. हा मुद्दा बरोबर आहे आणि तो मान्य केला पाहिजे. बाजारात भाव करणारा शेतकरीही आपला शेवटचा भाव आधी सांगत नाही. परंतु या मुद्द्याने अंतिम मर्यादेची गुप्तताच समर्थनीय ठरते. भारताने मेजावर ठेवलेला लेखी प्रस्ताव समोरच्या पक्षाच्या हातात पडलेलाच असतो. तो प्रसिद्ध न केल्याने ब्रुसेल्स किंवा लंडन येथील अधिकाऱ्यापासून काहीच लपत नाही, तो केवळ वसईच्या किंवा वाशिमच्या नागरिकापासून लपतो. गुप्तता कोणापासून, हा प्रश्न या समर्थनात सहसा विचारला जात नाही.

दुसरा मुद्दा परराष्ट्राशी असलेल्या विश्वासाच्या संबंधाचा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ८(१)(क) देशाच्या आर्थिक हितास किंवा परराष्ट्रसंबंधांस बाधक ठरणारी माहिती उघड करण्यास सूट देते. परंतु त्याच कायद्यातील कलम ८(२) लोकहित अधिक असेल तर माहिती देता येईल असे म्हणते, कलम १० देण्याजोगा भाग वेगळा काढून देण्याची तरतूद करते आणि कलम ४(१)(ग) जनतेवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित वस्तुस्थिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य सांगते. शिवाय युरोपीय संघाने २०२२ मध्ये भारताशी पुन्हा सुरू केलेल्या वाटाघाटींतील आपले आरंभीचे मसुदे स्वतःच प्रसिद्ध केले. त्यामुळे भारतीय अभ्यासकाला समोरच्या पक्षाची मागणी वाचता येत होती, परंतु स्वतःच्या सरकारचा प्रस्ताव वाचता येत नव्हता. समोरचा पक्ष आपला प्रस्ताव खुला करीत असताना, खुलेपणाने विश्वासभंग होतो हा युक्तिवाद फार दुबळा होतो.

तिसरा मुद्दा असा की, सरकार हितसंबंधी घटकांशी विचारविनिमय करतेच. हे अंशतः खरे आहे. वाणिज्य विभाग उद्योग महासंघ, निर्यात प्रोत्साहन परिषदा व संबंधित मंत्रालये यांच्याशी चर्चा करतो. परंतु येथे ‘हितसंबंधी घटक’ कोण हे विभागच ठरवितो, चर्चेचे इतिवृत्त प्रसिद्ध होत नाही आणि कोणाचे मत कोणत्या कारणाने स्वीकारले वा नाकारले हे कळत नाही. निमंत्रणावर आधारलेला सल्ला हा अधिकारावर आधारलेल्या सहभागाचा पर्याय होऊ शकत नाही.

२७ जानेवारी २०२६ रोजी नवी दिल्ली येथे युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली, तेव्हा दुग्धव्यवसायाला सवलतींतून वगळल्याचे सांगण्यात आले. तबेलेवाल्यांच्या दृष्टीने हा निर्णय दिलासादायक आहे. तरीही तो त्यांना घोषणेच्या दिवशी कळला. अनुकूल निर्णयही अशा रीतीने आला की तो हक्काऐवजी कृपेसारखा भासतो, आणि पुढच्या करारात ती कृपा राहीलच असे नाही.

६. अन्यत्र काय घडले

युरोपीय संघ व अमेरिका यांच्यातील प्रस्तावित करारावर २०१३ पासून वाटाघाटी सुरू झाल्या. जनमताच्या दबावामुळे ऑक्टोबर २०१४ मध्ये वाटाघाटींचा अधिकारादेश प्रसिद्ध करण्यात आला. गुंतवणूकदार व राज्य यांच्यातील तंट्यांच्या तरतुदीवर मते मागविली असता सुमारे दीड लाख उत्तरे आली. त्यांतील बहुसंख्य उत्तरे संघटनांनी तयार केलेल्या नमुन्यावरून पाठविलेली होती, हे लक्षात घेतले पाहिजे. तरीही परिणाम झाला आणि २०१५ मध्ये युरोपीय आयोगाने लवादाऐवजी स्थायी गुंतवणूक न्यायालयाचा नवा प्रस्ताव मांडला.

ब्रिटनने भारताशी वाटाघाटी सुरू करण्यापूर्वी मे ते ऑगस्ट २०२१ या काळात जनतेकडून मते मागविली व त्यानंतर आपली उद्दिष्टे जाहीर केली. म्हणजे ब्रिटनमध्ये स्थायिक झालेला एखादा वसईकर भारत-ब्रिटन कराराविषयी तेथील सरकारला लेखी मत देऊ शकत होता. त्याच्या गावाकडच्या भावाला इकडे तशी सोय नव्हती. हा करार २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरीत झाला आणि भारतीय नागरिकाला त्याचे पूर्ण कलमवार रूप स्वाक्षरीनंतर वाचता आले.

या देशांची पद्धत आदर्श आहे असे नाही. तेथेही बड्या कंपन्यांचा प्रभाव आहे आणि सल्लामसलत पुष्कळदा औपचारिक ठरते. परंतु खुलेपणा आणि वाटाघाटी एकत्र नांदू शकतात, एवढे त्यांवरून निश्चित सिद्ध होते.

७. हरकती-सूचनांचा स्थानिक अनुभव

वास्तविक दाखल्यासाठी परदेशी जाण्याचीही गरज नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि नियोजन समितीपुढे त्यांची सुनावणी होते. सिडकोच्या आराखड्याच्या काळात वसईच्या जनतेने या तरतुदीचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसईच्या चळवळीने पाणी, वाड्या आणि बांधकामाचे प्रमाण हे तांत्रिक विषय गावोगाव समजावून सांगितले. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आल्यानंतर गावे वगळण्याचा प्रश्न उभा राहिला, २०११ मध्ये २९ गावे वगळण्याचा निर्णय झाला, वाद न्यायालयात गेला आणि २०२४ मध्ये शासनाने तो निर्णय फिरविताना पुन्हा हरकती मागविल्या. गावाची हद्द बदलण्यासाठी नागरिकाची हरकत आवश्यक मानणारी राज्यसंस्था त्याच गावातील मालाची किंमत बदलताना ती अनावश्यक मानते, ही विसंगती आहे.

वाढवण बंदराचे उदाहरण अधिक बोलके आहे. सुमारे ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पासाठी १९ जानेवारी २०२४ रोजी पालघर येथे जनसुनावणी झाली. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे अशा सुनावणीपूर्वी अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत द्यावा लागतो, कामकाजाचे चित्रीकरण करावे लागते आणि उपस्थित केलेल्या मुद्द्यांची नोंद ठेवावी लागते. मच्छीमारांनी प्रकल्पास तीव्र विरोध नोंदविला. फेब्रुवारीत पर्यावरणीय मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी भूमिपूजन झाले. बंदराच्या धक्क्याविषयी सुनावणी झाली, परंतु त्या धक्क्यावर कोणता माल कोणत्या शुल्काने उतरेल हे ठरविणाऱ्या करारांविषयी कोठेही सुनावणी झाली नाही.

या अनुभवाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. हरकत नोंदविली, सुनावणी झाली आणि निर्णय होता तोच राहिला, अशी भावना या परिसरात खोलवर आहे. रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात २१ सप्टेंबर २००८ रोजी विशेष आर्थिक क्षेत्राविषयी २२ गावांत प्रत्यक्ष मतदान घेण्यात आले. तो महाराष्ट्रातील अपवादात्मक प्रयोग ठरला, नियम झाला नाही. म्हणून केवळ माहिती खुली करणे किंवा केवळ मत मागविणे पुरेसे नाही. मिळालेल्या मतांना कारणांसह लेखी उत्तर देण्याचे बंधन नसेल, तर सुनावणी हा उपचार होतो आणि नागरिकाचा लोकशाहीवरील विश्वास वाढण्याऐवजी कमी होतो.

८. किमान कार्यपद्धती

वरील विवेचनाच्या आधारे पाच गोष्टी सुचविता येतील.

पहिली, वाटाघाटी सुरू होण्यापूर्वी केंद्र शासनाने उद्दिष्टपत्रिका मराठीसह सर्व प्रमुख भारतीय भाषांत प्रसिद्ध करावी. कायद्यांच्या प्रारूपांसाठी २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणाने किमान ३० दिवसांची मुदत सांगितली आहे. करारांसाठी ती त्याहून कमी नसावी.

दुसरी, माहिती वस्तुनिहाय असावी. कराराच्या अनुसूचीत केळी ०८०३ आणि दूधभुकटी ०४०२ अशा सांकेतिक क्रमांकांखाली येतात. शेतकऱ्यापुढील पहिला अडथळा येथेच उभा राहतो. जिल्हानिहाय प्रमुख उत्पादनांची सुबोध सूची कोसबाडसारख्या कृषी विज्ञान केंद्रांमार्फत व मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत देता येईल. मत्स्य अनुदानांविषयीचा जागतिक व्यापार संघटनेचा करार १५ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला आहे. डिझेलच्या परताव्यावर होडी चालविणाऱ्या अर्नाळ्याच्या मच्छीमाराला जिनिव्हातील अनुदानविषयक चर्चेचा पत्ता असणे हा त्याचा अधिकार आहे.

तिसरी, समोरच्या पक्षास दिलेले लेखी प्रस्ताव त्याच वेळी प्रसिद्ध करावेत. अंतिम तडजोडीच्या मर्यादा व अंतर्गत सूचना गुप्त राहाव्यात.

चौथी, आलेल्या मतांचा गोषवारा व त्यावरील सकारण उत्तर प्रसिद्ध करावे. शेती व मत्स्यव्यवसायाबाबत राज्य शासनाचे लेखी मत घेऊन ते विधिमंडळासमोर ठेवावे.

पाचवी, करार अनुसमर्थित होण्यापूर्वी संसदेच्या स्थायी समितीने त्यावर अहवाल द्यावा आणि अंमलबजावणीनंतर ठराविक वर्षांनी परिणामांचा आढावा प्रसिद्ध व्हावा.

या सूचनांमुळे वाटाघाटी लांबतील असा आक्षेप येईल. युरोपीय संघाशी भारताच्या वाटाघाटी २००७ मध्ये सुरू झाल्या, २०१३ मध्ये थांबल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. गुप्तता पाळूनही त्यांना जवळजवळ दोन दशके लागली. विलंबाचा दोष नागरिकांच्या सहभागावर ठेवता येणार नाही.

९. समारोप

या कामात महाविद्यालयांचा वाटा मोठा असू शकतो. करारांचे मसुदे शेकडो पानांचे, इंग्रजीत आणि कायद्याच्या परिभाषेत असतात. वाणिज्य विभागाने शुल्काचे कोष्टक समजावून द्यावे, राज्यशास्त्र विभागाने घटनात्मक बाजू मांडावी, वनस्पतिशास्त्र विभागाने फळांच्या रोगविषयक अटींचा अर्थ सांगावा आणि मराठी विभागाने हे सर्व परिसरातील माणसाला कळेल अशा भाषेत उतरवावे. आंतरविद्याशाखीय अभ्यासाची आपण एरवी चर्चासत्रांतून जी अपेक्षा करतो, तिला याहून योग्य विषय मिळणे कठीण आहे. डंकेलच्या वेळी हे काम संघटनांच्या पुस्तिकांनी केले. त्या पुस्तिका पक्षपाती होत्या, तरी त्या होत्या म्हणून चर्चा झाली.

पारदर्शकतेमुळे प्रत्येक करार चांगला होईल असा दावा येथे केलेला नाही. लोकांना विचारूनही चुकीचे निर्णय होऊ शकतात. परंतु न विचारता झालेला निर्णय चुकला तर त्याची किंमत एकाने मोजायची आणि जबाबदारी कोणीच घ्यायची नाही, अशी स्थिती निर्माण होते. वसईच्या भूमीवर १५३४ आणि १८०२ मध्ये झालेल्या करारांच्या काळी येथील माणूस प्रजा होता. आज तो नागरिक आहे, आणि हा फरक करार करण्याच्या पद्धतीत दिसला पाहिजे.